मळा नासणारे लहान कोल्हे

(मंडळ्यांतील प्रौढ वर्गाकरिता आरोग्यपाठ)

वाचनाचे भाग : गीतरत्न २:१५, २ राजे २०:१-७, योहान ९:१-३.

पाठाचा उद्देश : हृदयविकार व मधुमेह हे बहुधा एकाच मोठ्या कारणाने नव्हे, तर अनेक लहान कारणांच्या संगतीने येतात, हे समजून घेणे, आणि आपापल्या घरी ती संगत कशी मोडावी हे शिकणे.

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात द्राक्षमळ्यांची नासाडी करणाऱ्या लहान कोल्ह्यांना धरण्याविषयी सांगितले आहे. ज्याने मळा राखला आहे त्यास ह्या वचनाचे मर्म लवकर कळेल. रानडुकरांचा कळप आला तर कुत्री भुंकतात व सारी वस्ती जागी होते. परंतु लहान कोल्ह्याची चाहूल कोणास लागत नाही. तो एका रात्रीत नासून नासून किती नासणार, असे म्हणून मालकही कूस बदलून निजतो. मग एकाने कुंपणास भोक पाडावे, दुसऱ्याने मुळे उकरावी, तिसऱ्याने कोवळा फुटवा तोडावा, असे होता होता फुलोऱ्यावर आलेला मळा हातचा जातो. आणि कोणत्या कोल्ह्याने तो घालविला हे सांगता येत नाही, कारण तो सर्वांनी मिळून घालविलेला असतो.

देहरूपी मळ्याची गोष्ट अशीच आहे. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अद्याप असे बोलले जाते की, हृदयविकार व मधुमेह हे शहरातील शेटजींचे रोग होत. शेतात राबणाऱ्या गरिबास त्यांचे भय नाही. ही समजूत एके काळी काही अंशी खरी असेल. आज ती खरी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने शहरांत व खेड्यांत मिळून जी मोठी पाहणी झाली तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह असल्याचे, व आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे असल्याचे अनुमान निघाले. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. अनेक देशांतील रोग्यांची तुलना केली असता असे दिसून आले की, दक्षिण आशियातील लोकांस हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो; इतर देशांतील लोकांस तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. ५३ वर्षांचा गृहस्थ म्हणजे ज्याच्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, ज्याच्या मुलाचे शिक्षण संपावयाचे आहे, व ज्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज आहे असा मनुष्य. तो गेला म्हणजे एक मनुष्यच गेला असे नव्हे; घराचा आधारस्तंभ जातो. यास्तव हा विषय मंडळीपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१. हे ज्ञान कसे मिळाले

१९४५ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने एकाएकी मरण पावले. त्यांचा रक्तदाब पुष्कळ दिवसांपासून वाढलेला होता व तो त्यांच्या वैद्यांस ठाऊकही होता. परंतु त्या काळी कित्येक नामांकित वैद्य असे मानीत की वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविक आहे. शिवाय तो सुखरूपपणे उतरविणारे चांगले औषधही नव्हते. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास जे औषध मिळू शकले नाही, ते आज आमच्या तालुक्यातील गरिबास सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. ह्या कृपेची जाणीव ठेवावी.

पुढे १९४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावी एका नव्या प्रकारच्या शोधास आरंभ झाला. तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी करून, कोणास पुढे हृदयविकार होतो व कोणास होत नाही, हे वर्षानुवर्षे धीराने पाहण्यात आले. रोग झाल्यावर त्याच्यामागे धावण्याऐवजी, तो येण्यापूर्वी त्याची पावले ओळखावी, असा हा यत्न होता. त्यातून दिसून आले की वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी, धूम्रपान व मधुमेह ही पुढे येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ चिन्हे आहेत. १९६१ मधील एका अहवालापासून ह्यांस 'धोक्याची कारणे' म्हणण्याची रीत वैद्यकात रूढ झाली. हेच आमचे लहान कोल्हे.

२. ते एकमेकांस कसे साहाय्य करितात

हृदय ही छातीतील एक मोट आहे आणि रक्तवाहिन्या हे तिचे पाट आहेत. पाट स्वच्छ व काठ धड असले म्हणजे शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचते. आता एकेक कोल्हा पाहू.

पहिला, वाढलेला रक्तदाब. पाटास सोसवत नाही इतक्या जोराने पाणी सोडले तर काठ ढासळतात. तद्वत जादा दाबाने रक्तवाहिनीचे आतील अस्तर झिजते. दुसरा, रक्तातील साखर. आपण खाल्लेल्या भाकरीची व भाताची पोटात साखर होते. ती रक्तातून शरीराच्या पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस निघतो. तो जणू पेशींच्या दाराची किल्ली होय. परंतु पोटाच्या आत चरबी साठली व हातापायांचे स्नायू कामावाचून राहिले म्हणजे कुलुपास गंज चढतो व किल्ली लागेनाशी होते. मग स्वादुपिंड अधिकाधिक रस गाळते, आणि काही वर्षांनी थकते. साखर रक्तातच साचते व तीही त्या अस्तराची नासाडी करिते. तिसरा, रक्तातील चरबी. झिजलेल्या अस्तरात ती शिरते व पाटात गाळ बसावा तशी बसते. चौथा, तंबाखू. तिने रक्तवाहिन्या आकसतात, आणि तिचा धूर अस्तरास दुखवितो व रक्त गोठण्याकडे प्रवृत्त करितो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे चौघे एकमेकांचे सोबती आहेत. शरीरात इन्सुलिन वाजवीपेक्षा अधिक झाले म्हणजे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवितात, आणि रक्तदाब वाढण्यास साहाय्य होते. पोटातील चरबीमुळे यकृत रक्तात आणखी चरबी सोडते. रक्तदाबाने अस्तरास चीर पाडावी, चरबीने तीत घर करावे, साखरेने ती चीर भरू देऊ नये, आणि शेवटी तंबाखूने त्या ठिकाणी रक्ताची गाठ होण्यास हातभार लावावा, असा हा क्रम आहे. ती गाठ हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो; मेंदूच्या वाहिनीत अडकली तर अर्धांगवायू होतो.

१९८८ साली अमेरिकन वैद्य रीव्हन ह्यांनी ही चिन्हे एकाच मनुष्याच्या ठायी एकत्र का आढळतात ह्याचा उलगडा करून दाखविला. आज वैद्य पाच खुणा मोजतात : पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा अधिक, आणि हितकर चरबी पुरुषात ४० हून व स्त्रीत ५० हून कमी. ह्या पाचांपैकी कोणत्याही तीन असल्या म्हणजे मळ्यात कोल्ह्यांची टोळी शिरली असे समजावे, मग त्यांपैकी प्रत्येक खूण किरकोळ का दिसेना.

३. बेरीज नव्हे, गुणाकार

२००४ साली ५२ देशांतील एका मोठ्या शोधाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा शोध डॉ. सलीम युसूफ ह्यांच्या नेतृत्वाखाली झाला व त्यात भारतही होता. हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या सुमारे १५,००० लोकांची तितक्याच निरोगी लोकांशी तुलना करण्यात आली. त्यावरून असे ठरले की जगभर ह्या झटक्याचा ९० टक्के भार केवळ नऊ गोष्टींवर आहे : धूम्रपान, रक्तातील चरबीचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनाचा ताण, फळेभाज्यांची उणीव, व्यायामाची उणीव, आणि मद्य. मद्याविषयी एक सूचना करितो. त्या शोधात थोडे मद्य घेणाऱ्यांचा धोका काहीसा कमी दिसला होता. परंतु मद्याने रक्तदाब वाढतो, यकृत बिघडते व घर बुडते हे सिद्ध असल्यामुळे, हृदयासाठी म्हणून कोणी पेला हाती घेऊ नये.

आता ह्या शोधातील एक हिशेब फळ्यावर लिहून वर्गास दाखवावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २.९ पट, मधुमेह असणाऱ्याचा सुमारे २.४ पट; रक्तदाब असणाऱ्याचा सुमारे १.९ पट. तिन्ही एकाच मनुष्यात असतील तर किती? बेरीज केल्यास ७ च्या आसपास येते. परंतु प्रत्यक्षात धोका सुमारे १३ पट आढळला, म्हणजे २.९ गुणिले २.४ गुणिले १.९. त्यातच रक्तातील चरबी फार बिघडलेली असेल तर तो सुमारे ४२ पट झाला. सावकाराच्या व्याजाप्रमाणे येथे धोक्यावर धोका चढतो.

हा हिशेब भय घालण्यासाठी आम्ही देत नाही. ह्यातच मोठी आशा आहे. गुणाकारातील एक आकडा काढून टाकला म्हणजे उत्तर झपाट्याने उतरते. वरील मनुष्याने विडी कायमची सोडली, तर कालांतराने त्याचा हिशेब १३ वरून साडेचाराकडे उतरू लागतो, मग त्याचा मधुमेह व रक्तदाब तसेच का राहिनात. म्हणून "मला साखर आहेच, आता विडी सोडून काय उपयोग?" असे जे कित्येक बंधू म्हणतात, ते उलट बोलतात. ज्याच्या मळ्यात तीन कोल्हे आहेत त्यालाच एक कोल्हा धरल्याने सर्वांत अधिक लाभ होतो. त्याच शोधात असेही दिसले की जे धूम्रपान करीत नाहीत, रोज फळेभाज्या खातात व नियमाने अंग हालवितात, त्यांचा धोका तीन-चतुर्थांशांहून अधिक कमी असतो.

आपल्याच देशाचे उदाहरण घ्यावयाचे तर, चेन्नई येथे डॉ. रामचंद्रन् ह्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना विशेष मार्गदर्शन नव्हते त्यांच्यापैकी तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांस मधुमेह झाला. ज्यांना आहार व चालणे ह्यांविषयी वारंवार सांगण्यात आले त्यांच्यापैकी ३९ जणांस झाला. म्हणजे केवळ उपदेश व आठवण ह्यांनी दर १०० तील सोळा जण त्या अवधीत वाचले. उपदेश व आठवण हे तर प्रचारकांचे व बायबलबायांचे रोजचेच काम आहे!

४. दोष कोणाचा?

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधास पाहून प्रभूला विचारिले की पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारिले. आजही आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून "ह्याने जिभेचे लाड केले" असे कुजबुजणारे लोक मंडळीत आढळतात. त्यांनी पुढील गोष्ट ऐकावी.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. परंतु आश्चर्य असे की आमची बालके मांसाने बारीक असली तरी त्यांच्या अंगची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसावयास काटकुळे, आत मात्र चरबी धरून ठेवणारे, असे हे शरीर आईच्या उदरातच घडू लागते. अशा बालकास पुढे मोठेपणी अन्न मुबलक मिळाले व कष्ट कमी झाले म्हणजे मधुमेह लवकर गाठतो. तात्पर्य, गरोदर स्त्रीने सर्वांच्या मागून उरलेसुरले खावे ही जी आमच्या घरांतील रीत, तिचे फळ तिचे लेकरू पन्नास वर्षांनी भोगते.

ह्यातून दोन बोध घ्यावे. एक, बारीक मनुष्याने निश्चिंत राहू नये. अंगाने सडपातळ असून पोट मात्र पुढे आलेले असेल तर तपासणी करावी. दुसरा, आजाऱ्यास दोष लावू नये. कोल्हे धरणे हे आपले काम. कुंपण कोणाच्या हयातीत मोडले ह्याचा निवाडा देवाकडे सोपवावा.

५. प्रार्थना आणि गोळी

कित्येक प्रामाणिक विश्वासणारे रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असता, प्रार्थनासभेनंतर ती बंद करितात व त्यास विश्वासाची कसोटी मानितात. काही दिवस त्यांस बरेही वाटते, कारण रक्तदाब हा दुखत नाही. मग एके दिवशी तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, आणि मंडळीत कुजबुज चालते की ह्याचा विश्वासच उणा होता. हा दुहेरी अन्याय होय.

दुसऱ्या राजांच्या विसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असता त्याने रडून प्रार्थना केली, आणि परमेश्वराने त्यास आणखी पंधरा वर्षांचे आयुष्य देण्याचे वचन दिले. वचन मिळाल्यावर यशया संदेष्ट्याने काय सांगितले? अंजिरांची ढेप आणवून गळवावर बांधविली. देवाचे वचन होते म्हणून ढेप टाकून दिली नाही. ढेप होती म्हणून वचनाचा अव्हेर केला नाही. जो परमेश्वर प्रार्थना ऐकतो, त्यानेच अंजिरात व औषधात गुण घातला आहे. म्हणून गोळी उपकारस्तुती करून घ्यावी, आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून ती सोडू नये. तपासणीत रक्तदाब ठीक आला तर गोळीचे काम संपले असे नसून गोळी आपले काम करीत आहे असे समजावे. मधुमेहाची गोळी किंवा सुई चालू असणाऱ्यांनी उपास-प्रार्थनेच्या दिवसाविषयी आधी डॉक्टरांस विचारावे. उपाशीपोटी साखर एकाएकी फार उतरून मनुष्य बेशुद्ध पडतो.

६. मळ्याची राखण

(१) तंबाखू. विडी, चुना-तंबाखू, गुटखा, आणि आमच्या भगिनींची मिश्री ही सर्व एकाच घरची लेकरे आहेत. न ओढता नुसती चघळली तरी तंबाखू हृदयास अपाय करिते.

(२) मीठ. मोठ्या माणसास दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट लहान चमचाभर, मीठ पुरे. पापड, लोणचे, खारवलेली मासळी व ठेचा ह्यांतील मीठही ह्याच हिशेबात धरावे. ताटात वरून मीठ वाढून घेण्याची सवय मोडावी.

(३) गोड चहा. प्रचारकांस हे विशेषेकरून सांगतो. दिवसात आठ घरी भेटी दिल्या तर आठ कप गोड चहा पोटात जातो. यजमानाचा मान बिनसाखरेच्या अर्ध्या कपानेही राहतो. प्रचारकाने हा धडा घातला तर घरोघरच्या भगिनींस "आम्हांलाही तसाच द्या" असे म्हणण्यास धीर येईल.

(४) ताट. भात कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी, त्यासोबत डाळ-उसळ, पालेभाजी व काकडी-मुळा अधिक घ्यावा. भाकरीनेही साखर वाढतेच. म्हणून तीही बेताने खावी. तळणाचे तेच तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. गरोदर स्त्रीचे ताट प्रथम वाढावे.

(५) चालणे. मोटेच्या जागी पंप आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर व पायवाटेच्या जागी मोटारसायकल आली. परंतु ताट तेवढेच राहिले. आठवड्यात निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, भरभर चालावे.

(६) मनाचा भार. कर्जाची व पिकाची चिंता एकट्याने गिळणाऱ्याचे हृदयही झिजते. दारू हा त्यावर उपाय नव्हे, ती आणखी एक कोल्हा होय. मंडळीने एकमेकांची ओझी वाहावी.

(७) तपासणी. ३० वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व साखर मोजून घ्यावी. घरच्या घरी एक परीक्षा करावी : आपल्या उंचीएवढी सुतळी घेऊन ती दुमडून अर्धी करावी; ती अर्धी सुतळी पोटाभोवती न पुरेल तर पोट वाजवीपेक्षा मोठे आहे.

शेवटी एक इशारा. छातीवर दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, धाप, ह्यांपैकी काही एकाएकी झाले तर "वात धरला" म्हणून शेकत बसू नये. स्त्रियांस व मधुमेहींस कधी छातीत न दुखता नुसती धाप किंवा मळमळच होते. तसेच एकाएकी तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही अर्धांगवायूची चिन्हे होत. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी व रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. प्रार्थना वाटेने गाडीतही करिता येते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. मळ्यात मोठ्या जनावरापेक्षा लहान कोल्ह्याची उपेक्षा का होते? आपल्या घरी कोणते कोल्हे आहेत?
२. तीन कारणे एकत्र आली असता धोका बेरजेने वाढतो की गुणाकाराने? त्यात आशेची गोष्ट कोणती?
३. बारीक मनुष्यास मधुमेह होऊ शकतो काय? का?
४. हिज्कीयास वचन मिळाल्यावर ढेप का बांधविली?
५. आपल्या मंडळीच्या जेवणावळीत व नाताळच्या फराळात कोणते दोन फरक करिता येतील?

घरी करावयाचे काम : येत्या रविवारपूर्वी प्रत्येक घराने सुतळीची परीक्षा करावी, आणि एकच कोल्हा निवडून तो धरण्याचा निश्चय करावा. प्रचारकाने कोणाचे वजन वा आजार सभेत न वाचता, कोण आरोग्य केंद्रात गेले एवढेच विचारावे. ज्यास जाण्यास सोबत नाही त्याच्याबरोबर स्वतः जावे.

प्रार्थनेचे विषय : मंडळीतील गोळ्या घेणारे आजारी, गरोदर भगिनी, खेड्यांत सेवा करणाऱ्या परिचारिका व आशा कार्यकर्त्या, आणि ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष ह्या रोगाने अकाली गेला आहे अशी कुटुंबे.